रोज फक्त तीस किलोमीटर

त्या दुपारी दुकानात एक जरी गिऱ्हाईक आलं असतं, तरी पुढचं काहीच घडलं नसतं, असं मधलीचा नवरा आजही छातीठोकपणे सांगतो. पण गिऱ्हाईक आलं नाही. आली ती बेबी, आणि तीही धावत.

दुकान एकच, पण धंदे दोन होते. आत शिरलं की उजव्या हाताला मधलीचं शिलाई मशीन. लांब पँट आखूड करायची, सैल शर्ट आवळायचा, बिघडलेली चेन बदलायची, ही तिची कामं. डाव्या हाताला नवऱ्याचं काचेचं टेबल. तिथे तो डोळ्याला भिंग लावून बंद पडलेली घड्याळं चालू करायचा. तिला मधली म्हणायचे, कारण तीन बहिणींत ती मधली. थोरली ती ताई. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण आवाजात अजून एवढा दम होता की रस्त्यावरची अनोळखी पोरंसुद्धा तो ऐकून शर्ट आत खोचायची. आणि धाकटी बेबी. वय छप्पन्न, दोन नातवंडांची आजी, पण बेबी ती बेबीच.

"आमचं औषधांचं दुकान बंद होतंय!" बेबी दारातूनच ओरडली.

"अगं बाई! नोकरी गेली?" मधलीच्या हातातली टाचणी खाली पडली.

"नोकरी कसली जातेय! नवी फरशी घालतायत, नवी कपाटं करतायत. अडीच महिन्यांनी दोन आठवडे सुट्टी. सक्तीची सुट्टी! मला सुट्टी घ्यायची सक्ती आहे, मधले!"

मग तिनं पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला. कुठल्याशा जुन्या कॅलेंडरचं पान होतं ते. हिरवीगार भातशेती, मधून गेलेला कालवा, कालव्यात एक होडी, आणि खाली लिहिलेलं, व्हिएतनाम. हे पान बेबीनं तीन वर्षं औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलं होतं. खोकल्याचं औषध काढायला दार उघडलं की व्हिएतनाम दिसायचं.

"आपण तिघी," बेबी म्हणाली. "फक्त तिघी."

मधली पानाकडे बघत राहिली. तिघी मिळून त्या आजवर गेल्या होत्या त्या एक तर लग्नाला, नाही तर दवाखान्यात. दोन्हीकडे कुणाच्या ना कुणाच्या दिमतीला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं भिंग न काढताच मान हलवली आणि म्हणाला, "जा की. पण ताईंना कोण विचारणार?"

ताईला विचारलं मधलीनंच. ताईनं चष्मा पुसला, पान उजेडाकडे धरलं, आणि नाही म्हणाली नाही. अटी घातल्या. डोंगर चढणार नाही. पन्नास माणसांच्या कळपात फिरणार नाही. झेंडा घेऊन पुढे चालणाऱ्या माणसामागे धावणार नाही. खरेदीच्या दुकानात दोन-दोन तास कोंडून घेणार नाही. "आणि शोधायचं काम मधलीनं करायचं," ताई म्हणाली. "बेबीवर सोपवलं तर ती पहिलं चित्र बघून भुलेल. मधलीची नजर बारीक आहे."

या वाक्यानं मधली हातभर वर उडाली. ताईनं तिला काहीतरी सोपवलं होतं!

पुढचे तीन आठवडे तिनं ते काम कपडे उसवावेत तशा चिकाटीनं केलं. मशीनवर पाय आणि फोनवर डोळे. इंग्रजी तिला बऱ्यापैकी वाचता यायचं, अडलं की फोन मराठी करून द्यायचा, आणि फोनचं मराठी असं होतं की तिला परत इंग्रजी वाचावं लागायचं. एका टूरमध्ये डोंगर निघाला, एकीत सत्तेचाळीस माणसं, एकीत रेशमाची दुकानंच दुकानं. तिसऱ्या आठवड्यात हवी तशी सापडली. सहा दिवस. लहानसा गट. तिथलाच गाइड. सगळा सपाट मुलूख, कालव्यांच्या काठाकाठानं. फळबागा, होड्या, रात्री गावातल्या घरांत मुक्काम. आणि लिहिलं होतं, रोज साधारण तीस किलोमीटर आरामशीर राईड.

"तीसच?" नवरा म्हणाला. "गाडीनं पाऊण तास. उरलेला दिवस काय करणार तुम्ही?"

"बघणार," मधली तोऱ्यात म्हणाली. "तुमच्यासारखं नुसतं पोचायचं नाही आम्हाला."

फोटोंत जिकडेतिकडे सायकली होत्या. तिला वाटलं, तिकडचे लोक सायकलनं फिरत असतील. किती चांगली सवय!

बुकिंगचा फॉर्म भरायला तिघी दुकानात जमल्या. नाव, वय, पासपोर्ट इथपर्यंत सगळं नेहमीचं. मग फॉर्मनं उंची विचारली. मग पायाची आतली लांबी विचारली, मांडीच्या सांध्यापासून टाचेपर्यंत. मग डोक्याचा घेर.

मधलीचे डोळे चमकले. "अगं, पोशाख देणार आहेत! तिकडचा! पँटचं माप घेतायत. आणि डोक्याचा घेर म्हणजे ती टोकदार टोपी, पानांची, शेतात घालतात ती!"

"फोटोसाठी असणार," बेबी म्हणाली.

"कामाची माणसं दिसतात. आजकाल डोक्याचा घेर विचारतं कोण?" असं म्हणत मधलीनं गळ्यातली मापपट्टी काढली आणि चाळीस वर्षांच्या सरावानं तिघींची मापं घेतली, अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत बिनचूक. ताईला टाचा जुळवून भिंतीला उभी केली. ताई मुकाट्यानं उभी राहिली. मापपट्टीपुढे ती मुख्याध्यापिका नसायची.

शेवटचा प्रश्न होता अनुभवाचा. फोननं मराठी केलं. नवशिक्या, मध्यम, निष्णात.

"कसला अनुभव?" मधलीनं विचारलं.

"प्रवासाचा असेल," बेबी म्हणाली.

ताईनं विचार केला. "निष्णात लिहिणं खोटेपणाचं होईल. नवशिक्या लिहिलं तर अडाणी समजतील. मध्यम लिही."

मध्यम लिहिलं. बटण दाबायला तिघींनी तीन बोटं एकदम पुढे केली, त्यांत बेबीचं आधी पोचलं. पडद्यावर 'अभिनंदन' आलं आणि मग दुकानात जे झालं त्याला नाच म्हणायचं की धक्काबुक्की, ते नवऱ्याला ठरवता आलं नाही. दारात एक गृहस्थ पँट घेऊन उभे होते. ते म्हणाले, "मी उद्या येतो."

गाइडचा व्हिडिओ कॉल आला तो त्यानंतर पंधरा दिवसांनी, एका रविवारी सकाळी. निघायला पाच आठवडे होते. फोन बॉबिनच्या डब्याला टेकवून उभा केला होता, समोर तिघी ओळीनं बसल्या होत्या, फोटो काढायला बसावं तशा. गाइड तिशीचा, हसरा, चोपून भांग पाडलेला. त्याचं इंग्रजी आणि यांचं इंग्रजी दोन वेगवेगळ्या गावांचं होतं, पण वाटेत कुठेतरी भेटत होतं.

"तुमची मापं इतकी सुंदर आली," तो म्हणाला, "की आमच्याकडे सगळ्यांनी बघितली! अशी मापं आजवर कुणी पाठवली नव्हती. थांबा, तुम्हाला दाखवतो. तयार करून ठेवलंय."

"बघ," मधलीनं बेबीला कोपर मारलं. "शिवूनसुद्धा झाला."

फोन हलला. अंगण दिसलं, केळीची झाडं दिसली, एक कोंबडी आडवी गेली. मग भिंतीला टेकवलेल्या तीन सायकली दिसल्या. एक निळी, एक लाल, एक हिरवी. प्रत्येकीच्या हँडलला चिठ्ठी. सीट कमीजास्त उंचीवर बसवलेल्या. प्रत्येक सीटवर एक हेल्मेट.

"छान आहेत," ताई प्रेमानं म्हणाली. "कुणाच्या?"

"तुमच्या!" गाइड म्हणाला. "निळी तुमची. सहा दिवस, एकशे ऐंशी किलोमीटर. तिघी मध्यम आहात, म्हणून काळजीच नाही."

दुकानातली सगळी घड्याळं एकदम ऐकू यायला लागली.

बेबीला भलत्या वेळी मान डोलवायची सवय होती, ती मान डोलवत राहिली. ताईचं काय झालं ते मधलीनं तिरप्या नजरेनं पाहिलं. अडतीस वर्षं ताईनं प्रत्येक परीक्षेला एकच वाक्य सांगितलं होतं, प्रश्न नीट वाचा, मगच उत्तर लिहा. ती आता ताठ बसली, घसा साफ केला आणि म्हणाली, "निळा रंग मला फार आवडतो."

कॉल संपला. मग काचेच्या टेबलामागून खुसखुस ऐकू आली. नवरा टेबलावर डोकं टेकून हसत होता. डोळ्यावरचं भिंग निसटून एका उघड्या घड्याळात जाऊन पडलं, तरी त्याचं चालूच. "रोज तीसच किलोमीटर!" तो कसाबसा म्हणाला. "बघत बघत जाणार!"

बेबी फुटली. ती फुटली म्हणून मधली फुटली. हसून हसून मुरकुंडी वळली, आणि हसता हसताच मधलीला रडू आलं. "माझी चूक आहे, ताई. माझी नजर बारीक म्हणालीस तू. मी टोपी समजले गं!"

ताई हसली नाही. "रद्द कधीपर्यंत करता येतं?"

मधलीनं बघितलं. निघायच्या महिनाभर आधीपर्यंत. म्हणजे सहा दिवस हातात होते.

"मग रद्द कर," ताई म्हणाली.

"का पण?" बेबीनं डोळे पुसले. "मला येते सायकल. मधलीला येते."

"यायची," मधली म्हणाली. "अकराव्या वर्षी गटारात पडले त्याच्या आधी."

"आणि ताई, तुला तर येतेच! आम्हाला शिकवली कुणी?"

ताईनं चष्मा काढला. पुसायचा नव्हता, तरी पुसला. "मी शिकवली," ती म्हणाली. "मला येत नाही."

मधलीनं आपलं स्टूल तिच्याजवळ ओढलं.

"तासाच्या भाड्यानं आणायचो आपण," ताई सांगू लागली, जसं काही कुणा दुसऱ्याचं सांगतेय. "आधी मधली, मग बेबी. मी मागून सीट धरून पळायचे. तुम्हा दोघींचं झालं की तास संपायचा. मग सायकल परत करायची. पुढे तुम्हाला आली, मग आणायचं कारणच राहिलं नाही."

मधलीच्या डोळ्यांसमोर ते आलं. मागून येणारा, धापा टाकणारा आवाज, सरळ बघ, मागे बघू नकोस, मी आहे. तिनं कधीच मागे बघितलं नव्हतं. त्यामुळे मागे पळणारीला कधी बसायचं होतं का, हे तिला पन्नास वर्षं कळलंच नव्हतं.

एकसष्ट वर्षांत मधली ताईच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. ती उठली, फोन उचलला, बटणांच्या खणात टाकला आणि खणाला कुलूप लावलं.

"रद्द करायचं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "सहा दिवस आहेत. उद्यापासून सकाळी सहाला. सहाव्या दिवशी तू सायकलवर बसली नाहीस, तर मी स्वतः रद्द करीन."

"आणि पडले तर? सदुसष्टावं चालू आहे मला."

"पोरगा हाडांचा डॉक्टर कशाला केलास मग?" बेबी म्हणाली.

हे मात्र तिघींनी एकमतानं ठरवलं की ताईच्या मुलाला यातलं काही कळता कामा नये. त्याला कळलं तर तो आधी प्लॅस्टर भिजवायला घेईल.

गल्लीच्या टोकाला सायकलवाला होता. दुसऱ्या दिवशी तिघी त्याच्याकडे गेल्या, तेव्हा त्यानं कौतुकानं विचारलं, "नात शिकणार वाटतं?"

"मी शिकणार," ताई म्हणाली. त्यानं तिला ओळखलं आणि हातातली विडी पाठीमागे लपवली. तिचाच विद्यार्थी, सातवीत दोनदा बसलेला.

त्यानं एक बसकी सायकल काढली, पाना घेतला आणि दोन्ही पेडल काढून टाकली.

"अरे, पेडल काढलीस तर चालवायची कशी?" मधलीनं विचारलं.

"चालवायची नाहीच. सीट खाली, पाय जमिनीवर. पायानं ढकलत जायचं, बदकासारखं. तोल आला की पाय आपोआप उचलले जातात. मग पेडल लावू. आधी फक्त न पडायला शिकायचं, बाई."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. वर्गात नसायचो तेव्हा शिकलो."

पाण्याच्या टाकीमागे एका बंद गोदामाचं मोठं सिमेंटचं आवार होतं. तिथे ताई रोज सकाळी बदकासारखी फिरू लागली. पाठ ताठ, हनुवटी वर, आणि खाली दोन पाय पाण्यात मारल्यासारखे. तिच्या दोन्ही बाजूंना मधली आणि बेबी आपापल्या भाड्याच्या सायकली घेऊन. बेबी पहिल्याच दिवशी सुसाट. मधलीची गोष्ट वेगळी होती. चालवायला तिला येत होती, पण हसू आलं की तिचा तोल जायचा, आणि समोर ताई बदक झालेली असताना हसू आवरणार कोण? पहिल्या दिवशी ती चार वेळा पडली, चारही वेळा हसत. "ही मला बघून पडते आणि हसं मात्र माझं होतं," ताई म्हणाली, आणि स्वतःच हसली, आणि पहिल्यांदा थोडी वाकडी झाली.

पाचव्या दिवशी ताईचे पाय उचलले गेले. एक, दोन, तीन, सात मोजेपर्यंत ती तरंगत गेली. मग ताईनं पाय टेकले, वळून बघितलं आणि मुख्याध्यापिकेच्या तोंडून जी आरोळी निघाली, ती ऐकून टाकीवरची कबुतरं उडाली.

दुपारी पेडल लागली. सहाव्या दिवशी सकाळी मधलीनं सीट मागून धरली, बेबी बाजूला, आणि ताईनं पेडल मारलं. मधली पळायला लागली. एकसष्टाव्या वर्षी पळणं म्हणजे काय असतं ते तिला कळत होतं, पण तोंडातून शब्द मात्र जुनेच निघाले. "सरळ बघ! मागे बघू नकोस! मी आहे!"

आणि तिनं हात सोडला.

ताई निघाली. आवाराचं टोक आलं. आता वळायचं होतं. वळायचं कसं, हे कुणी शिकवलंच नव्हतं. आवाराचं फाटक उघडं होतं. ताई सरळ फाटकातून बाहेर पडली.

"ब्रेक!" मधली ओरडली.

"कुठला?" ताईचा आवाज आला, आणि ती उतारावरून बाजाराच्या रस्त्याला लागली.

पुढे ताई, घंटी वाजवत. मागे पळणारी मधली. तिच्या मागे सायकलवर बेबी, जी सहज पुढे जाऊ शकली असती, पण हसण्यामुळे तिला काही सुचत नव्हतं. दुकानं नुकतीच उघडत होती. फळवाल्यानं टोपली मागे ओढली. दूधवाला भिंतीला चिकटला. कुणीतरी सवयीनं "नमस्ते बाई!" म्हणालं. ताईनं उत्तर दिलं नाही, कारण हात मोकळा नव्हता. आणि डाव्या हाताला, नेमका, तिच्या मुलाचा दवाखाना. तो दाराशी उभा राहून एक्स-रे उजेडाकडे धरून बघत होता. एक्स-रेच्या पलीकडून त्याला आई जाताना दिसली.

"आई?"

"आत्ता नाही!" ताई ओरडली. "कामात आहे!"

रस्त्याच्या शेवटी गादीवाल्यानं दुकानापुढे नव्या गाद्यांची थप्पी रचली होती. ताई तिच्यात शिरली. धप्प असा आवाज झाला, आणि वरची गादी सावकाश, अगदी मायेनं, तिच्या अंगावर येऊन पडली.

मधली पोचली तेव्हा तिला वाटलं, आपण बहीण मारली. तिनं गादी उचलली. खाली ताई उताणी पडली होती, चष्मा कपाळावर गेलेला, आणि ती हसत होती. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत. ताईला अशी हसताना मधलीनं लहानपणापासून पाहिलं नव्हतं.

मुलगा एक्स-रे हातात घेऊन पळत आला. मनगट दाबलं, गुडघा वाकवला, मान फिरवली. "काही मोडलेलं नाही," तो म्हणाला. मग वळला. "मावशी, हे काय आहे?"

मधलीनं सगळं सांगितलं. मापं, टोपी, मध्यम, निळी सायकल. लपवण्यात आता अर्थ नव्हता, अर्धा बाजार ऐकत होता. मुलानं सगळं ऐकून घेतलं. त्याचं तोंड गंभीर होतं, पण डॉक्टरी गंभीर, रागाचं नव्हे. त्यानं गाद्यांतून सायकल बाहेर काढली आणि सीटकडे बघितलं.

"ही फार खाली आहे. अशानं गुडघ्यावर ताण येतो. शिकून झालं असेल तर वर घ्या."

ताई उठून बसली. "म्हणजे चालवू?"

"गुडघ्यांना सायकल चांगली. मी रोज दहा पेशंटना सांगतो."

"मग मला का नाही सांगितलंस कधी?"

"तू कुठे पेशंट आहेस? तुला काही सांगायची सोय आहे का?" तो म्हणाला. "पण हेल्मेट घाल. आणि ब्रेक उजव्या हाताला आहे, डाव्या हाताला पण आहे. दोन आहेत, आई. दोन."

त्या दिवशी रद्द करण्याची मुदत संपली, आणि ती संपल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

उरलेल्या चार आठवड्यांत ताईनं अभ्यासक्रम आखला. रविवारी लांब फेरी, बुधवारी ब्रेक, शुक्रवारी उजळणी. थांबणं आलं, उतरणं आलं, घंटी तर पहिल्यापासूनच उत्तम होती. उजवीकडे वळणंही आलं. पण डावीकडे काही केल्या वळता येईना. डावीकडे वळायचं म्हटलं की हँडल ऐकायचं नाही आणि ताई सरळ जायची. मधलीच्या हसण्याचंही जमलं. ती आता हसतानाही चालवू शकत होती, फक्त बेबीकडे बघायचं नाही.

निघायच्या आठ दिवस आधी ताई म्हणाली, "त्या गाइडला खरं सांगायला हवं." तिनं स्वतः कॉल लावला आणि बाकावर उभी केलेली मुलगी सांगेल तशी कबुली दिली. आम्ही प्रश्न न वाचता उत्तर लिहिलं. मी मध्यम नाही. मला महिन्यापूर्वी सायकल येत नव्हती. आणि मला डावीकडे वळता येत नाही.

गाइडनं समोरचा नकाशा जवळ ओढला.

"डावीकडे अजिबातच नाही?" त्यानं विचारलं.

"अजिबात नाही."

"मला एक दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी नकाशा आला. सहा दिवसांचा रस्ता त्यानं नव्यानं आखला होता, हिरव्या रेघेनं, आणि प्रत्येक वळणावर एक छोटा बाण. सगळे बाण उजवीकडे. कुठे वळसा घालून, कुठे होडीनं पलीकडे नेऊन, एका ठिकाणी कुणाच्या तरी बागेतून. फक्त चौथ्या दिवशी एक बाण डावीकडचा होता, त्याच्या शेजारी लिहिलेलं, इथे आपण उतरून चालू, इथे तसंही फार सुंदर आहे. आणि खाली, ता.क. सगळ्यांच्या मागे आमची गाडी असतेच. दमलं की बसायचं. हे पहिल्याच पानावर लिहिलंय.

मधलीनं टूरच्या माहितीचं पहिलं पान उघडलं. लिहिलं होतं. तिनं ते ताईला दाखवलं नाही, बेबीला दाखवलं, आणि दोघी मशीनखाली बसून हसल्या.

व्हिएतनाममधल्या पहिल्या दिवशीची सकाळ कोवळ्या उन्हाची होती. कालव्याच्या काठानं सिमेंटची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना नारळ, घराघरांपुढे छोटे पूल, पाण्यात होड्या. गाइड पुढे, मग ताई निळ्या सायकलवर, मग बेबी लाल, शेवटी हिरवी मधली. मापं बरोबर होती. सीट अशी बसली होती की जणू तिनं स्वतः शिवली. शाळेतली पोरं सायकलवरून शेजारून गेली, सगळ्यांनी हात हलवले, आणि मधलीनं हँडलवरचा एक हात सोडून परत हलवला. केव्हा सोडला ते तिला कळलंही नाही.

एका पुलापाशी गाइड बेबीची घसरलेली साखळी बसवायला थांबला. तेवढ्यात मागून एक म्हातारी आली. टोकदार टोपी, सायकलच्या मागे भाजीच्या दोन भल्यामोठ्या टोपल्या. वय पंच्याहत्तर तरी. तिनं ताईला मागे टाकलं आणि जाताना हसून घंटी वाजवली.

ताईनं घंटीला घंटीनं उत्तर दिलं. मग कंबर वर केली आणि जोरात पेडल मारलं.

"ताई!" मधली ओरडली. पण ताई गेली होती. म्हातारी पुढे, ताई मागे, दोघी नारळांतून दिसेनाशा झाल्या.

गाइडच्या हाताला काळं लागलेलं. तो घाबरून उभा राहिला. "त्या कुठे गेल्या?"

मधली थांबलीच नाही. ती ताईच्या मागे निघाली, वेगात, केस तोंडावर येत होते, भीती होती आणि भीतीपेक्षा कितीतरी मोठा असा आनंद होता, ज्याला काय म्हणावं तिला कळेना, म्हणून ती नुसतीच ओरडत सुटली, शब्दाविना. कालव्यातल्या होडीवाल्यानं तिला ओरडून उत्तर दिलं.

दोन वळणं पार केल्यावर ताई सापडली. झाडाखाली नारळपाण्याची टपरी होती. दोन सायकली शेजारी शेजारी टेकवलेल्या, आणि दोन म्हाताऱ्या बुटक्या स्टुलांवर बसलेल्या, धापा टाकत. भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती. म्हातारीनं विजारीचा पाय वर करून गुडघ्यावरचा व्रण दाखवला होता. ताई आपलं कोपर पुढे करून गादीवाल्याच्या दुकानातल्या ओरखड्याची खूण दाखवत होती, आणि दोघींनी गंभीरपणे एकमेकींची जखम तपासली.

मधली सायकल टेकवून समोर उभी राहिली. घाम गळत होता. ताईनं तिचा हात धरून तिला स्टुलावर ओढलं, म्हातारीकडे वळली, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांची ओळख करून द्यावी तशा खणखणीत मराठीत म्हणाली,

"ही माझी बहीण. हिनं बुक केलं."